बोटीवर गेला तो परत आला नाही : बुडालेल्या जहाजावरच्या आपल्या माणसाचा शोध कसा घ्यायचा

कोकणात आणि गोव्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे एक जुना फोटो असतो, किंवा फोटोही नसतो, फक्त एक वाक्य असतं, "तो बोटीवर होता, लढाईत बोट बुडाली." आमच्या घरात हे वाक्य माझ्या आजीच्या भावाबद्दल होतं. आजीला जहाजाचं नाव माहीत नव्हतं, साल माहीत नव्हतं, फक्त तो शिमग्याला घरी होता आणि पुढच्या शिमग्याआधी तार आली एवढंच आठवत होतं. मी शोधायला लागलो तेव्हा सुरुवातच चुकीची केली, त्याचं नाव इंग्रजीत टाइप करून सर्च करत बसलो आणि त्यात कितीतरी महिने गेले, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, तुमचे तेवढे महिने वाचावेत.

आधी थोडं समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी होते आणि त्यातली ६,००० हून जास्त माणसं गेली. इंग्रजी कागदांत त्यांना 'लस्कर' म्हटलंय. ही माणसं सैनिक नव्हती, व्यापारी जहाजावरची पगारी माणसं होती, त्यामुळे आर्मी-नेव्हीच्या रेकॉर्डमध्ये त्यांना शोधून काही मिळत नाही. आणि जहाज बुडालं म्हणजे माणूस गेलाच असंही नाही, एका जहाजातून वाचून दुसऱ्यावर गेलेले खूप होते, तेव्हा मनात आधीच काही पक्कं धरू नका.

माझ्या अनुभवातून एकच गोष्ट ठामपणे सांगतो, आधी जहाज शोधा, माणूस नंतर. माणसाचं नाव हा सगळ्यात कच्चा धागा आहे कारण ते गोऱ्या क्लार्कने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. जहाजाचं नाव, बुडाल्याची तारीख आणि त्याचं बोटीवरचं काम, या तीन गोष्टी पक्क्या असतात. त्या हातात आल्या की माणूस सापडतो.

घरातली ट्रंक

घरातला प्रत्येक कागद बघा, फाटलेला, वाळवी लागलेला, सगळा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे खलाशाचं डिस्चार्ज बुक, आजकाल ज्याला सीडीसी म्हणतात. जुनी माणसं त्याला 'नळी' म्हणायची कारण कागद नळीत गुंडाळून ठेवायचे, तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांना "सीडीसी आहे का" असं न विचारता "मामांची नळी कुठे आहे" असं विचारून बघा. त्यात प्रत्येक सफरीची एक ओळ असते, जहाजाचं नाव, त्याचा ऑफिशियल नंबर, काम काय, कुठल्या बंदरात कुठल्या तारखेला चढला, कुठे उतरला, आणि शेवटी वागणूक आणि कामाबद्दल शिक्का. शेवटचं पुस्तक बहुतेक वेळा माणसाबरोबर समुद्रातच गेलेलं असतं, पण त्याआधीचं जुनं घरी राहिलेलं असू शकतं, आणि खलाशी बऱ्याचदा त्याच कंपनीच्या बोटीवर परत जायचे म्हणून जुनं पुस्तकही कंपनी सांगून जातं.

पुस्तक नसेल तर मनीऑर्डरच्या पावत्या बघा. खलाशी पगारातला काही भाग दर महिन्याला घरी लावून द्यायचे, त्याला अलॉटमेंट म्हणायचे, त्या कागदावर कंपनीचं किंवा एजंटचं नाव असतं. कंपनीचं पत्र, तार, पेन्शनचा कागद, काहीही. मेडल असेल तर त्यावर नाव नसण्याचीच शक्यता जास्त, पण कुठलं मेडल आहे त्यावरून तो कुठल्या समुद्रात होता ते कळतं, अटलांटिक स्टार वेगळा, आफ्रिका स्टार वेगळा, बर्मा स्टार वेगळा.

आणि एक जागा जी कोणी सांगत नाही ती म्हणजे तलाठ्याचं दप्तर. माणसाच्या नावावर जमीन असेल, अगदी दोन गुंठे का असेना, तर तो गेल्यावर वारस नोंद झालेली असते. जुना फेरफार काढा, गाव नमुना ६ आणि वारसांची नोंदवही ६-क. त्यात मयताची तारीख असते, काही वेळा कारणही असतं. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि बऱ्याच जिल्ह्यांचे स्कॅन करून सरकारच्या अभिलेख पोर्टलवर टाकलेत. फक्त लक्षात ठेवा की बेपत्ता माणसाची वारस नोंद बऱ्याच वर्षांनी झालेली असू शकते, म्हणून फेरफाराची तारीख आणि मृत्यूची तारीख यात घोळ करू नका.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

"जहाजाचं नाव काय" हा प्रश्न पहिला विचारू नका, "मला काय ठाऊक" म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा विचारा, शेवटचा घरी कधी होता, कुठला सण होता, कोणाचं लग्न झालं होतं, तार कोणी वाचून दाखवली, पैसे यायचे कधी बंद झाले. सणावरून जुनं पंचांग काढून तारखेपर्यंत जाता येतं. आमच्या आजीच्या दोन शिमग्यांमधून मला साधारण एका वर्षाचा काळ मिळाला आणि तेवढाच पुरेसा ठरला.

दुसरं म्हणजे त्याच्याबरोबर गावातलं अजून कोण गेलं होतं ते विचारा. हे फार महत्त्वाचं आहे. तेव्हाची भरती सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या म्होरक्यामार्फत चालायची, आणि सारंग आपल्याच गावची, भावकीतली, शेजारच्या वाडीतली माणसं घेऊन जायचा. म्हणजे एका बोटीच्या डेकवर एकाच खाडीकाठची दहा-पंधरा माणसं असू शकतात. बोट बुडाली तर एकाच गावात एका दिवसात अनेक घरांत तारा आल्या असतील. तुमच्या घरात कागद नसला तरी शेजारच्या घरात असेल, त्यांच्या माणसाचं जहाज तेच तुमच्या माणसाचं. मला जहाजाचं नाव आमच्या घरातून मिळालंच नाही, ते मिळालं खाडीपलीकडच्या एका घरातून, त्यांनी कंपनीचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुराणाच्या कपाटात जपून ठेवलं होतं, ऐंशी वर्षं. त्यांना मी कोण, कुठला काही माहीत नव्हतं, तरी चहा देऊन पत्र हातात दिलं. मशिदीच्या जमातीत, देवळाच्या गावकीत, मुंबईत गावच्या खोल्या होत्या तिथल्या जुन्या वह्यांत, गोव्याचे असाल तर धोबीतलाव-माझगावच्या कुडांत, अशा ठिकाणी जरूर विचारा. गोव्याच्या गावांचे हे कूड म्हणजे बोटीच्या प्रतीक्षेत असलेल्या तारवट्यांचं, म्हणजे गोव्याच्या खलाशांचं, मुंबईतलं घरच होतं.

नावाच्या तुकड्यावरून कंपनी

घरात नाव अर्धवट, मोडकं राहिलेलं असतं. पण तुकडाही उपयोगी पडतो. 'सिटी' असं काही असेल तर एलरमन कंपनीच्या 'सिटी ऑफ' नावाच्या बोटी बघा, 'क्लान' असेल तर क्लॅन लाइन, 'जल' ने सुरू होत असेल तर वालचंद हिराचंद यांची सिंदिया कंपनी, तिच्या बोटींची नावं जलराजन, जलबाला अशी असायची. भारतातल्या गावासारखं नाव आणि शेवटी 'आ' असेल तर ब्रिटिश इंडिया कंपनी, जिला सगळे बीआय म्हणायचे.

बीआयचंच एक उदाहरण घेतो कारण त्याचं नाव मराठी माणसाला लगेच कळेल. 'गैरसोप्पा'. आपण ज्याला गिरसप्पा म्हणतो, जोगचा धबधबा, त्या गावाचं नाव. हे जहाज १९४० च्या डिसेंबरात कलकत्त्याहून निघालं, चांदी, कच्चं लोखंड, चहा घेऊन. आफ्रिकेतल्या फ्रीटाऊनला ते एसएल-६४ नावाच्या ताफ्यात सामील झालं, पण वादळी हवा आणि कोळसा कमी पडायला लागला म्हणून ताफा सोडून एकटंच आयर्लंडकडे वळलं, आणि १६ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री जर्मन पाणबुडी यू-१०१ ने त्याला बुडवलं. एक लाइफबोट १३ दिवस समुद्रात होती, ती इंग्लंडच्या दक्षिण टोकाला लिझार्डला लागली, आणि अख्ख्या जहाजातला एकच माणूस जिवंत राहिला, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स. बाकीचे ऐंशीच्या वर लोक गेले, त्यातले बहुतेक हिंदी खलाशी. २०११ मध्ये ते जहाज जवळपास ४,७०० मीटर खोल सापडलं, नंतर चांदी काढली, त्याची जगभर बातमी झाली. खलाशांची नावं मात्र त्या बातम्यांत शोधून सापडत नाहीत, ती यादीतच शोधावी लागतात.

जहाज पक्कं करणं

प्रत्येक ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाला एक ऑफिशियल नंबर असायचा, नाव बदललं तरी तो बदलत नाही. कंपन्या एकच नाव पुन्हा पुन्हा नव्या बोटीला द्यायच्या, त्यामुळे नावावर विसंबलात तर १९१७ साली बुडालेल्या बोटीचे कागद १९४२ च्या माणसासाठी चाळत बसाल. नंबर काढायला क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट नावाची साइट आहे, तिथे जुन्या सरकारी जहाज याद्या मोफत बघता येतात. लॉइड्स रजिस्टरचे १९३० ते १९४५ चे खंड स्कॅन करून ऑनलाइन आहेत, त्यात बांधणीचं साल, वजन, मालक कळतो.

जर्मन पाणबुडीने बुडवलं असेल तर यूबोट डॉट नेटवर प्रत्येक जहाजाचं वेगळं पान आहे, तारीख, जागा, माल, काही वेळा माणसांची नावंही. पण सगळी जहाजं जर्मनांनी नाही बुडवली. 'तिलावा' बघा, २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून पूर्व आफ्रिकेला निघाली, ९५८ माणसं बोटीवर, त्यात २२२ क्रू, आणि २३ तारखेला जपानी पाणबुडी आय-२९ ने टॉर्पेडो मारले, २८० माणसं गेली. ही त्या साइटवर मिळणार नाही. तसंच मुंबईतच १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' गोदीत फुटलं तेव्हाही खलाशी गेले, "गोदीच्या स्फोटात गेला" असं घरात म्हणत असतील तर शोध व्हिक्टोरिया डॉकपासून सुरू होतो, समुद्रापासून नाही.

ताफ्यांची माहिती कन्व्हॉयवेब नावाच्या साइटवर आहे, जहाजाचं नाव टाकलं की कुठल्या तारखेला कुठल्या बंदरातून निघालं ते दिसतं. मला स्वतःला ही साइट सगळ्यात जास्त आवडते कारण आपला माणूस शेवटच्या काही महिन्यांत कुठे कुठे होता ते डोळ्यासमोर येतं, त्याने घरी ज्या बंदराहून पत्र टाकलं ते बंदर त्या यादीत दिसलं की काय वाटतं ते सांगता येत नाही.

आता माणूस

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर जा. तिथे हिंदी व्यापारी खलाशांची नावं 'बॉम्बे / चितगाव १९३९-१९४५ वॉर मेमोरियल' खाली आहेत. लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर शोधण्यात वेळ घालवू नका, मी घालवला. पहिल्या महायुद्धासाठी 'बॉम्बे १९१४-१९१८' असं वेगळं स्मारक आहे.

सर्च करताना नावाचा रकाना रिकामा ठेवा. स्मारकाचं नाव टाका आणि मृत्यूची तारीख जहाज बुडाल्याच्या तारखेपासून पुढे महिनाभर अशी टाका. रात्री बुडालेल्या जहाजाची तारीख एका कागदात १६ आणि दुसऱ्यात १७ असते, आणि लाइफबोटीत काही दिवसांनी गेलेल्यांची तारीख पुढची असू शकते. मग जी यादी येईल ती डाउनलोड करा, स्प्रेडशीटमध्ये उघडा, आणि आपल्या जहाजाची माणसं वेगळी काढून एक एक ओळ वाचा, मोठ्याने वाचा. डोळ्याला जे नाव परकं वाटतं ते कानाला ओळखीचं वाटतं.

नावात आडनाव बहुतेक नसतंच, स्वतःचं आणि वडिलांचं नाव, बस. शेजारी "अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा" अशी ओळ असेल तर नशीब समजा. गावाचं स्पेलिंग कसंही असतं. आणि जिल्हे आजचे धरू नका. मालवण, देवगड, वेंगुर्ला हे सगळं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात, सिंधुदुर्ग झाला १९८१ ला. रायगड तेव्हा कुलाबा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं, तिथल्या माणसापुढे रत्नागिरी किंवा कुलाबा लिहिलेलं नसेल तर तो आपला नाही असं ठरवू नका. गोव्याची नावं पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये, बार्देशचं Bardez, सासष्टीचं Salcete असं.

कामाचा शब्द नीट समजून घ्या, इथे मी स्वतः अडकलो. आमच्या माणसाच्या नावापुढे 'कसाब' लिहिलं होतं, मी तो खाटकाचा धंदा समजलो आणि हा दुसराच कोणीतरी म्हणून ती ओळ सोडून दिली, परत तिथे यायला मला वर्ष लागलं. जहाजावर कसाब म्हणजे डेकचं सामान, रंग, दोर, दिवे सांभाळणारा. तसंच 'भंडारी' म्हणजे जात नाही, क्रूचा स्वयंपाकी. सारंग मुख्य, टंडेल त्याच्या हाताखालचा, सुकाणी सुकाणू धरणारा, लस्कर साधा डेकचा खलाशी, आगवाला बॉयलरवर, तेलवाला इंजिनात, टोपस सफाईला. साधारणपणे मुंबईच्या बोटींवर डेकची माणसं कोकण आणि गुजरात किनाऱ्याची, इंजिनाची बरीचशी पंजाब आणि पठाणी मुलखातली, आणि सलूनचे, म्हणजे जेवणखाणाकडचे, स्टुअर्ड, बटलर, कुक गोव्याचे, त्यामुळे रत्नागिरीचा माणूस असेल तर आधी डेकच्या नावांत शोधा, पण फक्त तिथेच नाही.

क्यूचे कागद

लंडनच्या क्यू भागात ब्रिटिश नॅशनल आर्काइव्हज आहे. युद्धकाळातले क्रू करार आणि लॉगबुकं बीटी ३८१ या मालिकेत आहेत आणि ती जहाजाच्या ऑफिशियल नंबरप्रमाणे लावलेली आहेत, म्हणून तो नंबर आधी काढायला सांगितलं. बुडालेल्या, पकडलेल्या जहाजांचे कागद बीटी ३७३ मध्ये, जहाज कुठे कुठे फिरलं त्याची कार्डं बीटी ३८९ मध्ये, समुद्रावर मेलेल्यांची रजिस्टरं बीटी ३३४ मध्ये. वाचलेल्या अधिकाऱ्यांनी दिलेले जबाब एडीएम १९९ मध्ये सापडतात, आणि ते जरूर वाचा, कारण त्यात पाणी कसं शिरलं, कुठली लाइफबोट उतरली, हिंदी माणसांनी काय केलं हे असतं. ते अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं असतं हे मनात ठेवून वाचा, "नेटिव्ह क्रू घाबरला" अशी एक ओळ टाकून सगळ्यांना निकालात काढलेलं दिसलं तर त्यावरून आपल्या माणसाचं मोजमाप करू नका.

लोक विचारतात, बोट बुडाली मग करार कुठून राहिला. करार दोन प्रतींत व्हायचा, एक जहाजावर, एक किनाऱ्यावर शिपिंग ऑफिसात. हिंदी खलाशांचा करार गोऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा वेगळा, लस्कर करार, बऱ्याचदा मुंबईत किंवा कलकत्त्यात झालेला. त्यामुळे एका जहाजाच्या फाइलमध्ये फक्त इंग्रजी नावं दिसली तर थांबू नका, लस्कर करार वेगळा मागा. तुम्हाला लंडनला जायची गरज नाही, पैसे भरून कॉपी मागवता येते, आणि तिकडे कोणी मराठी ओळखीचं असेल तर रीडर्स तिकीट मोफत निघतं, ते मोबाइलने फोटो काढून पाठवू शकतात. इंडिया ऑफिसचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आहेत, तिथे एका माणसाचं नाव क्वचित, पण खलाशांची भरती, पगार, पेन्शन यावरच्या फाइली भरपूर.

इथले दरवाजे

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल आहे, तिथे जहाजाच्या नावाने आणि वाणिज्य खात्याच्या फाइलींत शोधा. मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. खलाशांच्या नोंदींचं शिपिंग ऑफिस बॅलार्ड इस्टेटला. वर्तमानपत्रांकडून फार अपेक्षा ठेवू नका, युद्धात सेन्सॉर होता, बुडालेल्या बोटीचं नाव सहसा छापत नसत. एका सरकारी कार्यालयात मला "एवढं जुनं काही नाही" असं उभ्याउभ्या सांगितलं गेलं, म्हणून तोंडी विचारूच नका. लेखी अर्ज करा, जहाजाचं नाव, नंबर, साल लिहून, आणि उत्तर आलं नाही तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. स्वातंत्र्यानंतर बुडालेल्या जहाजासाठी तर हाच मुख्य रस्ता आहे.

तो लढाईत गेला असं घरात म्हणतात पण साल जुळत नाही, असंही होतं. मग शांततेच्या काळातला अपघात असेल. पी अँड ओ कंपनीचं 'इजिप्त' जहाज मुंबईला येत होतं, २० मे १९२२ ला धुक्यात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालं, ८६ माणसं गेली, त्यातली ७१ क्रूची. असे लोक वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत नसतात, त्यासाठी बोर्ड ऑफ ट्रेडचे चौकशी अहवाल बघायचे. आणि ज्याचा पत्ताच लागत नाही तो कैदीही असू शकतो, व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्या जर्मन रेडर जहाजांनी पकडलेले हिंदी खलाशी ब्रेमेनजवळच्या मिलाग नोर्ड छावणीत होते, पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं रेडक्रॉसने ऑनलाइन मोफत ठेवलीत.

नाव सापडलं की वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवरून त्याचं प्रमाणपत्र डाउनलोड करून प्रिंट काढा. स्पेलिंग, वडिलांचं नाव, गाव चुकलं असेल तर पुराव्यासह त्यांना कळवा, फेरफाराची प्रत इथे कामाला येते. त्याच यादीतली तुमच्या भागातली बाकीची नावंही लिहून घ्या आणि त्या गावांत पोचवा, त्या घरांत कदाचित अजून कोणी विचारायला गेलेलं नसेल.

मग मस्जिद बंदरला जा. तिथल्या इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नावांचं पुस्तक ठेवलेलं आहे, तसंच दुसरं पुस्तक चितगावला आहे. आधी फोन करून वेळ ठरवा, नाव आणि जहाज एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून न्या. मी गेलो तेव्हा आजी नव्हती, माझी आई होती बरोबर. तिला इंग्रजी वाचता येत नाही, मी बोट ठेवलं त्या ओळीवर तिने हात ठेवला आणि गावाचं नाव कुठलं ते विचारलं. तेवढं तिला दाखवलं.